पत्र्याची खालची बाजू

अंबरनाथच्या एमआयडीसीत ॲसिड-शेडचा पत्रा बदलायचा की नाही हे ठरवायला आमचा फिटर शिडी चढतो आणि आधी खालची बाजू बघतो. वरून पत्रा बरा दिसतो; पावसाळ्याचे चार महिने तो धुऊन निघालेला असतो. आतल्या बाजूला पाऊस पोचत नाही. टाकीतून उठलेली हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ तिथल्या दमटपणात चिकटून बसते. स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तरी पापुद्रे गळतात, जे-हुक हाताने मोडतात. यंदा पत्रे एफआरपीचे आले, बोल्ट मात्र पुन्हा लोखंडीच. खरेदी खात्याला शिडी चढावी लागत नाही.

क्लोराइडची खोड अशी की लोखंड खाऊनही ते संपत नाही. लोखंडाचं क्लोराइड ओल्या हवेत फुटतं, गंज मागे राहतो आणि आम्ल पुढचं लोखंड खायला मोकळं होतं. त्यामुळे गंज घासून थेट रेड ऑक्साइड मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी गोड्या पाण्याने खळखळून धुवायचं, सुकवायचं, मग रंग. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. स्टेनलेसचाही भरवसा नाही: ३०४च्या रेलिंगवर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसला, तर आत भोक किती खोल गेलंय ते वरून कळत नाही.

गळती शोधायला काठीला कापूस गुंडाळून अमोनियात बुडवतात आणि फ्लँजभोवती फिरवतात. गळत असेल तिथे पांढरा धूर उमटतो, तो अमोनियम क्लोराइडचा. थंडीच्या रात्री उघड्या हवेतही हेच घडतं. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २०२१ साली दिल्लीबद्दल दाखवलं की असे क्लोराइडचे कण पाणी ओढून फुगतात आणि धुकं दाटतं. उल्हासनगरात कॅम्प पाचचं डम्पिंग ग्राउंड पेटलं की कचऱ्यातल्या पीव्हीसीतूनही हाच हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. ओझोनच्या छिद्राशी मात्र याची गल्लत नको. ते सीएफसीचं काम. हा वायू त्या उंचीवर पोचण्याआधीच बहुतेक पावसात विरघळून खाली येतो.

२००९च्या राष्ट्रीय मानकांत हवेतले बारा प्रदूषक आहेत. त्यांत अमोनिया आहे, क्लोरीन किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड नाही. चिमणीवर नजर असते, पण टँकर भरताना झाकणाच्या फटीतून निसटणारी वाफ चिमणीतून जातच नाही. ती कुठल्याच वहीत चढत नाही.