सरकत्या भूमीचा खेळ : ‘कंटिन्युइटी’

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘कंटिन्युइटी’ हा संगणकीय खेळ स्वतंत्र, म्हणजे मोठ्या कंपनीच्या भांडवलाविना होणाऱ्या खेळनिर्मितीतला असून, २०१० साली त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये सर्वोत्कृष्ट विद्यार्थी-खेळाचा पुरस्कार मिळाला. ‘प्लॅटफॉर्म’ प्रकारच्या खेळांत पात्राला कठड्यांवरून आणि पायऱ्यांवरून उड्या मारत न्यायचे असते. तेथे भूमी बहुधा स्थिर असते आणि कसोटी लागते ती बोटांच्या चपळाईची. येथे मात्र भूमीच चौकोनी तुकड्यांत विभागलेली आहे. लाल किल्ली मिळवून लाल दार गाठणे एवढेच त्या चिमुकल्या माणसाचे काम, पण स्पेस बार दाबताच दृश्य मागे सरते, सर्व तुकडे एकदम नजरेच्या टप्प्यात येतात, माणूस जागीच थबकतो आणि खेळाडू तुकडे सरकवू लागतो.

सरकवण्याचा हा नियम १८८० च्या सुमारास अमेरिकेत आणि युरोपात वेड लावणाऱ्या पंधरा सोंगट्यांच्या कोड्यातून आला आहे : रिकाम्या घराशेजारचीच सोंगटी हलते. ‘कंटिन्युइटी’ने त्याला जोडलेली अट अधिक मोलाची आहे. शेजारच्या तुकड्यांच्या कडा तंतोतंत जुळल्या, म्हणजे भिंतीपुढे भिंत आणि मोकळ्या जागेपुढे मोकळी जागा आली, तरच पलीकडे पाऊल टाकता येते. शिवाय माणूस ज्या तुकड्यावर उभा असेल तो तुकडाही त्याच्यासकट सरकवता येतो, त्यामुळे चालणे आणि रचणे यांतील सीमाच पुसली जाते. या खेळाची खरी प्रतिभा येथेच दिसते.

रिकाम्या जागेच्या आधारे तुकडे सरकवण्याचा हा पेच गोदामांच्या भिवंडीकरांना परका नाही. मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या परिसरातल्या गोदामांत माल एकमेकांना भिडवून रचला, तर मागचा नग काढण्यासाठी पुढचे हलवावे लागतात आणि हलवायला कोठेतरी जागा मोकळी असावी लागते. केविन गू आणि ब्युंग सू किम या संशोधकांनी २००७ साली पंधराच्या कोड्यावरूनच दाट साठवणुकीचे गणित मांडले : एकच जागा रिकामी ठेवली तर माल सर्वाधिक मावतो, परंतु हवा तो नग दाराशी आणायला पुष्कळ हालचाली लागतात, आणि रिकाम्या जागा वाढवल्या की हालचाली कमी होतात. कोणत्याही गोदामात भाड्याच्या प्रत्येक चौरस फुटामागे हाच हिशेब उभा असतो.