पाळण्याची गाडी : तिचे शहरांतील उपयोग व बागाईतदारांनीं घ्यावयाचा बोध

पावसाळा तोंडावर आला कीं घाटकोपरच्या मोठ्या रस्त्यांवर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. रस्त्याच्या कडेस एक मालवाहू मोटार उभी असते. तिच्या पाठीवरून एक लोखंडी हात वर जातो, मध्येंच कोपरासारखा वांकतो, आणि त्याच्या टोकाच्या पाळण्यांत उभे राहून एक-दोन कामगार विलायती शिरीषाच्या किंवा गुलमोहराच्या फांद्या कापीत असतात. झाड कोसळून कोणी दगावूं नये म्हणून महानगरपालिका दरवर्षीं ही छाटणी करविते. या यंत्रास बूम लिफ्ट, मॅन लिफ्ट अशीं इंग्रजी नांवें रूढ आहेत. आपण सोयीसाठीं त्यास पाळण्याची गाडी म्हणूं.

शेतकी मासिकांत शहरी मोटारीचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हें यंत्र मुळीं बागाईतदाराच्या गरजेंतूनच जन्मास आलें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत जे ईटेल नांवाच्या गृहस्थांस चेरीचीं फळें तोडण्यांत एक दिवस घालविल्यावर सन १९४४ मध्यें याची कल्पना सुचली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत टेड थॉर्नटन-ट्रम्प यांनीं सन १९५१ मध्यें फळबागेसाठींच असें यंत्र तयार केलें. पुढें तारखांबांवर काम करणाऱ्या कंपन्यांनीं तें उचललें. पण इंग्रजींत आजहि त्यास ‘चेरी पिकर’, म्हणजे चेरी तोडणारा, असेंच म्हणतात. बागेंत जन्मलेलें मूल शहरांत नोकरीस गेलें, असाच हा प्रकार आहे.

घाटकोपर व त्याच्या आसपास हें मूल कोणकोणत्या चाकऱ्या करतें तें पाहूं. पहिली रेल्वेची. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्ही. टी. स्टेशनापासून कुर्ल्यापर्यंत भारतांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. त्या वेळीं तारेंतील दाब १५०० व्होल्ट होता. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर तो सन २०१६ पर्यंत २५,००० व्होल्ट करण्यांत आला. ही तार रुळांच्या डोक्यावरून टांगलेली असते. तिची तपासणी करण्यास रुळांवरून चालणारी एक गाडी असते, तिला टॉवर वॅगन म्हणतात. तिच्या छपरावरील मचाण वर उचलतां येतें व कारागीर त्यावर उभे राहून काम करतात. चालू तारेच्या दोन मीटरच्या आंत कोणीं जावयाचें नाहीं, जाणें असल्यास आधीं प्रवाह बंद करून तार जमिनीशीं जोडावयाची, असा रेल्वेचा नियम आहे. रविवारच्या ज्या मेगाब्लॉकास आपण नांवें ठेवतों, त्याच्या पोटीं हेंहि एक काम असतें. ता. ८ जून २०१४ रोजीं सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो खांबांवरील पुलावरून धांवते, व तिलाहि वरील तारेंतूनच वीज मिळते. तेथेंहि तारेची निगा उंचावर चढूनच राखावी लागते.

दुसरी चाकरी रस्त्यावरील दिव्यांची. मुंबईंत विजेच्या वाहिन्या बहुतेक जमिनीखालून गेल्या आहेत, तथापि दिवे खांबावरच असतात. पूर्वीं तेथें बांबूची शिडी लावून मनुष्य चढे व दुसरा ती धरून राही. तिसरी चाकरी कारखान्यांची. माहुल-तुर्भे भागांतील तेलशुद्धीच्या कारखान्यांसारख्या ठिकाणीं उंचावरील नळ, मनोरे व छपरें रंगविणें आणि दुरुस्त करणें हें बारमाही काम आहे. प्रत्येक वेळीं बांबूची परांची बांधावयाची म्हटल्यास मूळ कामापेक्षां परांचीसच अधिक दिवस लागतात. चौथी चाकरी अग्निशामक दलाची. उंच इमारतींतील माणसें खालीं आणण्यास याच जातीचीं, परंतु फार मोठीं यंत्रें लागतात.

आतां यंत्राची रचना. पंप तेलास दाबतो व तें तेल नळकांड्यांतील दट्ट्यास ढकलतें. मानूं कीं तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास १५० किलो आहे आणि दट्ट्याचें तोंड १०० चौरस सेंटिमीटर आहे. तर त्या दट्ट्यावर १५,००० किलोंचा जोर येतो. एवढ्या जोरावर जड हातहि सावकाश उचलला जातो. विजेच्या कामासाठीं जो हात असतो, त्याचा कांहीं भाग कांचतंतूंचा केलेला असतो, कारण त्यांतून वीज सहसा वाहत नाहीं. साध्या लोखंडी हाताच्या गाडीस हें संरक्षण नसतें, हें विसरूं नये.

परंतु या गाडीचें खरें मर्म वर नसून खालीं आहे. ज्यांनीं कोंकणांत ओकतीनें पाणी काढलेलें पाहिलें आहे, त्यांस तें सांगावयास नको. वजन टेकूपासून जितकें दूर, तितकी त्याची ओढ अधिक. दोन माणसें व हत्यारें मिळून २०० किलो धरलीं, आणि हात गाडीपासून आडवा ५ मीटर लांब असला, तर ओढ १,००० किलो-मीटर होते. तोच १० मीटर गेला तर २,०००. वजन वाढलें नाहीं, पण ओढ दुप्पट झाली. शिवाय त्या लांब हाताचें स्वतःचें वजन आहेच. ती ओढ गाडीनें सहन करावी म्हणून दोन्ही बाजूंस जॅकचे पाय बाहेर काढून जमिनीवर घट्ट टेकावे लागतात. जमीन भुसभुशीत असेल तर एक पाय खचतो, गाडी कलते, आणि पाळणा पांच फूट नव्हे, पंधरा फूट बाजूस जातो. म्हणून पायाखालीं जाड फळ्या घालाव्या, उतारावर गाडी उभी करूं नये, आणि वाऱ्याचा वेग यंत्रास नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे, बहुतेक यंत्रांस ताशी सुमारें ४५ किलोमीटरांपलीकडे, गेल्यास काम थांबवावें.

पायाकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, याची साक्ष घाटकोपरनें जिवावारी दिली आहे. ता. १३ मे २०२४ रोजीं वादळी वाऱ्यांत छेडानगराजवळ पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरात-फलक कोसळला व १७ माणसें मेलीं. महानगरपालिकेची मर्यादा ४० फूट लांब व ४० फूट उंच अशी असतां तो फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता, आणि त्याचा पाया अपुरा होता. फलक व गाडी या निराळ्या वस्तु खऱ्या. परंतु जो उंच जातो त्यानें आधीं पायाखालची जमीन पाहावी, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे.

आतां आपल्या बागांकडे वळूं. रत्नागिरी-सिंधुदुर्गांत हापूसचीं जुनीं कलमें पुष्कळ उंच गेलीं आहेत, आणि माड तर साठ-सत्तर फुटांचे असतात. चढणारीं माणसें कमी झालीं असून आंब्याच्या हंगामांत नेपाळहून येणाऱ्या मजुरांवर पुष्कळ बागा चालतात. प्रस्तुत लेखकाचा जन्म महसुली दप्तरांत गेला, व झाडावरून पडल्याचे पंचनामे त्यानें पुष्कळ वाचले. सन २०२३ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें शेतकऱ्यांसाठीं जी अपघात अनुदान योजना चालू झाली, तींत उंचावरून पडून मृत्यु आल्यास वारसांस २ लाख रुपये मिळतात. पण ती वहितीधारक खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस लागू आहे. ज्याच्या नांवें सात-बारा नाहीं, असा मजुरीनें झाडावर चढणारा मनुष्य तींत बसत नाहीं. म्हणजे धोका एकाचा व संरक्षण दुसऱ्याचें, अशी स्थिति आहे. चढावयास लावणाऱ्या मालकानें याचा विचार करावयास नको काय?

तर मग प्रत्येकानें पाळण्याची गाडी घ्यावी काय? आमचें मत तसें नाहीं. कोंकणांतील बागा बहुधा उतारावर असतात व वाट अरुंद असते. तेथें मोटारीवरील जड गाडी नेणें म्हणजे वर सांगितलेलें संकट विकत घेणें होय. आमच्या मतें क्रम असा असावा. प्रथम झाडच माणसाकडे आणावें : दापोलीच्या कृषि विद्यापीठानें जुन्या कलमांची छाटणी करून पुनरुज्जीवन करण्याची पद्धत सांगितली आहे, ती अवलंबावी. दुसरें, जमिनीवरून तोडतां येतील तीं फळें त्याच विद्यापीठाच्या नूतन झेल्यानें तोडावीं. तिसरें, माडावर चढण्याच्या यंत्राचें रीतसर शिक्षण दिल्यावांचून कोणास वर पाठवूं नये. चौथें, जेथें जमीन सपाट व कठीण आहे, तेथें गांवच्या सोसायटीनें किंवा अवजारे बँकेनें एक लहान गाडी भाड्यानें आणून फळें तोडणें, छाटणी व गोदामाच्या छपराची दुरुस्ती हीं कामें एकाच फेरींत उरकावीं. एकट्यास न परवडणारी वस्तु दहाजणांस परवडते, हेंच सहकाराचें बीज आहे.

एक इशारा मात्र निक्षून देतों. मुंबईंत तारा जमिनीखालीं आहेत, खेड्यांत त्या बागेवरूनच जातात. अमेरिकेंत ५०,००० व्होल्टपर्यंतच्या तारांपासून अशा यंत्रानें निदान १० फूट दूर राहावें असा दंडक आहे. आपणहि तो पाळावा. तार जवळ असेल तर वीजमंडळींस कळवून प्रवाह बंद केल्याची खातरी झाल्यावांचून गाडी, शिडी किंवा लोखंडी आंकडी कांहींहि वर नेऊं नये. पाळण्यांतील मनुष्यानें कमरेचा पट्टा पाळण्यासच बांधावा, झाडास नव्हे. कारण हात हलला तर झाडाचा पट्टा त्यास बाहेर ओढतो.

फळाची पेटी बाजारांत जाते, तिचा भाव लागतो. ती उतरविणाऱ्या माणसाचा भाव लागत नाहीं. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक सोसायटीच्या सभेंत हा विषय निघावा, आणि ज्यांनीं असें यंत्र भाड्यानें आणून पाहिलें असेल त्यांनीं आपला बरावाईट अनुभव या मासिकाकडे लिहून पाठवावा, एवढी विनंती आहे.