दर्याची रोजी, तळ्याची शेती

ऑगस्ट उजाडला की आमच्या वर्गातली मागची बाके रिकामी होऊ लागतात. जून-जुलैची मासेमारी बंदी संपते, होड्या पाण्यात उतरतात आणि वडिलांना हाताखाली माणूस लागतो. अशाच एका नववीतल्या मुलाच्या घरी आम्ही दोघे शिक्षक गेलो. त्याचे अब्बा म्हणाले, "सर, मासळी पहिल्यासारखी राहिली नाय. खलाशाला पगार द्यायला परवडत नाय, म्हणून पोराला नेतो." आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आम्ही या धंद्याची माहिती जमवली. तीच इथे देत आहोत.

पहिला प्रकार समुद्रातील मासेमारीचा. महाराष्ट्राला सुमारे 720 किलोमीटर किनारा आहे. रत्नागिरीकडचा आपला दालदी समाज पिढ्यान्‌पिढ्या याच रोजीवर जगला. किनाऱ्यावरून ओढतात ती रापण. प्रवाहात बांधून ठेवतात ती डोल, तिच्यात बोंबील आणि जवळा मिळतो. ट्रॉलर तळ खरवडत जातो, तर पर्ससीन जाळे बांगडा-तारलीचा अख्खा थवाच घेरते. अशा जाळ्यांत पिल्लेही जातात आणि लहान होडीवाल्याच्या वाट्याला काही उरत नाही. 2016 मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. पापलेट वाचावे म्हणून 2023 मध्ये त्याला राज्यमासा घोषित केले.

दुसरा प्रकार खाडीकाठच्या निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी संवर्धनाचा. यात पैसा आहे, पण भांडवल मोठे लागते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला तर सगळा तलाव हातचा जातो. कर्ज काढून यात उडी घेऊ नये.

तिसरा प्रकार गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीचा. देशावरच्या आपल्या शेतकरी बांधवांना हा जवळचा आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे एकाच तळ्यात तिघांचे भागते. बीज वेळेवर मिळणे ही पूर्वी मोठी अडचण होती. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रजनन घडवले आणि ती अडचण सुटली. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

तळ्यात बीज खच्चून भरू नये. ढगाळ दिवसांत पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे वर येऊन तोंडे उघडतात. तेव्हा खाद्य थांबवावे आणि ताजे पाणी सोडावे. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड हे स्वस्त खाद्य आहे, पण उरलेले खाद्य तळाशी कुजू देऊ नये.

हे सारे शिकता येते. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी मिळते. दर्यावर वाढलेल्या मुलाला अर्धे ज्ञान घरातूनच मिळालेले असते, आखातात जाण्याआधी त्याला ही वाट दाखवायला हवी.

भगिनींनो, बाजारात पापलेटची पिल्ले स्वस्त दिसली तरी घेऊ नका. दर्या ही अल्लाहची अमानत आहे, त्यात पुढच्या पिढीचाही हिस्सा आहे.

तो मुलगा यंदा दहावीला बसतो आहे. सुट्टीच्या दिवशीच तो अब्बांबरोबर होडीवर जातो. तेवढ्यावर आम्ही दोन्ही बाजूंनी तडजोड केली आहे.