विमानतळ ते शहर : प्रवासाच्या निवडीचे अर्थशास्त्र

मुंबईहून बंगळुरूला विमानाने पोहोचण्यास पावणेदोन तासांच्या आसपास वेळ लागतो. देवनहळ्ळी येथील विमानतळावरून शहराच्या दक्षिण भागातील घर गाठण्यास सायंकाळच्या गर्दीत कित्येकदा जवळजवळ तेवढाच वेळ मोडतो. विमानतळ शहरापासून दूर गेल्याचा हा परिणाम होय. 2008 साली हैदराबादची विमानवाहतूक बेगमपेठहून शमशाबादला आणि बंगळुरूची जुन्या एचएएल विमानतळावरून देवनहळ्ळीला गेली. धावपट्ट्यांना प्रशस्त जागा मिळाली. प्रवाशाच्या वाट्याला मात्र जमिनीवरचा एक नवा प्रवास आला. हैदराबादने त्यासाठी 11.6 किलोमीटर लांबीचा पी. व्ही. नरसिंह राव उन्नत मार्ग 2009 मध्ये खुला केला, तर बंगळुरूने ‘वायुवज्र’ या वातानुकूलित बसगाड्यांवर भर दिला.

या प्रवासासाठी कोणते साधन निवडावे, हा प्रश्न केवळ तिकिटाच्या दराचा नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रवासाचा खरा खर्च म्हणजे भाडे, लागणारा वेळ, वाहन बदलण्याचा व सामान वाहण्याचा त्रास आणि उशीर होण्याची जोखीम यांची बेरीज होय. यांपैकी शेवटचा घटक विमानतळाच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. समजा, टॅक्सीने विमानतळ गाठण्यास एरवी एक तास लागतो, परंतु पाऊस वा वाहतूककोंडीच्या दिवशी पावणेदोन तास लागतात. विमान चुकू नये म्हणून शहाणा प्रवासी रोजच पावणेदोन तास आधी निघेल. म्हणजे रस्ता मोकळा असला तरी पाऊण तास खर्ची पडतोच. फरक इतकाच, की तो विमानतळावरील खुर्चीत बसून पडतो. लोहमार्गाचा मुख्य लाभ वेगापेक्षा या निश्चिततेत आहे.

दिल्लीचा धडा

दिल्लीची विमानतळ मेट्रो या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभारलेल्या या मार्गासाठी 2008 मध्ये तीस वर्षांचा करार झाला. 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांपूर्वी तो सुरू व्हावयाचा होता. प्रत्यक्षात नवी दिल्ली स्थानक ते द्वारका सेक्टर 21 हा 22.7 किलोमीटरचा मार्ग फेब्रुवारी 2011 मध्ये खुला झाला. उन्नत भागातील बेअरिंगमध्ये दोष आढळल्याने जुलै 2012 मध्ये सेवा थांबली. जानेवारी 2013 मध्ये ती कमी वेगाने पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या मध्यास खासगी कंपनी बाहेर पडून संचालन दिल्ली मेट्रोकडे आले. करारभंगाचा वाद लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. 2017 चा कंपनीच्या बाजूचा लवाद निवाडा न्यायालयाने 2021 मध्ये कायम ठेवला आणि एप्रिल 2024 मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर तो रद्दबातल केला.

दिल्ली मेट्रोने 2014 आणि 2015 मध्ये भाडे कमी केल्यावर प्रवासीसंख्या वाढली. 2023 मध्ये गाड्यांचा वेग ताशी 120 किलोमीटरपर्यंत नेण्यात आला व नवी दिल्लीहून तिसऱ्या टर्मिनलला सुमारे सोळा मिनिटांत पोहोचणे शक्य झाले. तरीही सोळा मिनिटे हा आकडा स्थानक ते स्थानक एवढ्यापुरताच खरा आहे. पूर्व दिल्लीतील रहिवाशाला आधी नवी दिल्ली स्थानक गाठावे लागते. चार माणसे व सहा पेट्या असलेल्या कुटुंबाला टॅक्सीचे भाडे वाटून घेता येते, तर मेट्रोत चार तिकिटे काढावी लागतात. एकट्याने, हातातील एका बॅगेनिशी जाणाऱ्याचे गणित याच्या नेमके उलट असते.

रेल्वे आहे, प्रवासी नाहीत

रूळ विमानतळापाशी पोहोचले म्हणजे प्रश्न सुटतो, असे नाही. कोलकात्यात विमानतळालगतचे ‘बिमान बंदर’ उपनगरी स्थानक 2006 मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षांत बंदही झाले. विमानतळावर मेट्रो पोहोचण्यास ऑगस्ट 2025 उजाडावा लागला. देवनहळ्ळीजवळ जानेवारी 2021 मध्ये विमानतळासाठी रेल्वे थांबा झाला. भाडे अगदी नाममात्र, परंतु गाड्या मोजक्या आणि थांब्यापासून टर्मिनलपर्यंत पुन्हा बस. विमानाच्या वेळा गाडीच्या वेळापत्रकाशी जुळत नसतील, तर स्वस्त तिकिटालाही गिऱ्हाईक मिळत नाही. याउलट चेन्नईत तिरुसुलम हे उपनगरी स्थानक विमानतळाच्या समोरच आहे आणि 2016 पासून मेट्रोही आहे. साधे, फारसे न गाजलेले हे उदाहरण अधिक अनुकरणीय वाटते.

या चर्चेत एक वर्ग सहसा मोजलाच जात नाही. विमानप्रवासी वर्षातून काही वेळा विमानतळावर जातो. सफाई कामगार, सामान चढविणारे, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातील मुले मात्र रोज दोनदा हा रस्ता कापतात, तेही पाळीनुसार पहाटे किंवा मध्यरात्री. विमानाचे तिकीट काढणाऱ्याची ऐपत पाहून ठरविलेले भाडे त्यांना परवडत नाही आणि त्यांची पाळी सुटते तेव्हा मेट्रो बंद असते. मेट्रोचे रूळ रात्री देखभालीसाठी मोकळे ठेवावेच लागतात. म्हणून त्या वेळेत साध्या दराची बस चालविणे हाच व्यवहार्य पर्याय उरतो. रस्ता रात्री मोकळाच असल्याने ती वेगानेही जाते. असे असूनही विमानतळ जोडणीच्या योजनांत अब्जावधींच्या मार्गाचा तपशील पानोपानी आढळतो आणि रात्रीच्या बसला एखादी ओळ मिळते.

मुंबईत भुयारी मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. दोन्ही टर्मिनलना स्थानके मिळाली आणि मरोळ नाका येथे घाटकोपर-वर्सोवा मेट्रोशी सांधा जुळला. मध्य रेल्वेच्या उपनगरांतील प्रवाशाला आता घाटकोपरमार्गे टॅक्सीविना विमानतळ गाठता येतो. पहाटे सहाच्या विमानासाठी मात्र त्याला अजूनही टॅक्सीच बोलवावी लागते.