दातांवरून ओळख: डेंटल कॉलेजात शिकवला जाणारा एक दुर्लक्षित विषय

‘मुलीने बीडीएस केलं तर पुढे दवाखानाच ना?’ नीटच्या निकालानंतर मदनपुरा, मोमिनपुऱ्यातले पालक आम्हा शिक्षकांना विचारतात. दवाखाना आहेच. पण त्याच अभ्यासक्रमात एक विषय असा आहे, ज्याचा संबंध थेट मय्यतीशी आणि कोर्टाशी येतो. फॉरेन्सिक ओडोंटोलॉजी, म्हणजे न्यायवैद्यक दंतशास्त्र.

मुंबई सेंट्रलचे नायर डेंटल कॉलेज घ्या, नाहीतर सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय. दोन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. बीडीएसला या विषयाचा वेगळा पेपर नसतो. ओरल पॅथॉलॉजीतला तो एक भाग. एमडीएसला त्याच शाखेत जरा सविस्तर येतो. आमच्या मते एवढ्याने भागत नाही. विद्यार्थ्याने परळच्या केईएमसारख्या ठिकाणी न्यायवैद्यक विभागात काही दिवस तरी काढावेत. स्वतंत्र एमएस्सी करायची तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाकडे पाहावे लागते.

दातच का? दाताचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण भाग. आगीत चेहरा, बोटांचे ठसे जातात, दात बरेचदा टिकतात. १८९७ मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय बाजाराला आग लागली, तेव्हा जळालेल्या कित्येकांना त्यांच्या दंतवैद्यांच्या नोंदींवरून ओळखले गेले. आज इंटरपोल ओळखीची तीन मुख्य साधने मानते: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी पर्यटकांची ओळख मोठ्या प्रमाणात दातांवरूनच पटली.

परदेशी पर्यटकांची का, हे नीट समजून घ्या. त्यांच्या गावी एक्स-रे आणि नोंदी जपलेल्या होत्या. जुळवायला जुने काही नसेल, तर तज्ज्ञ काय करणार? आपल्याकडे दाढ काढली, पैसे दिले, केसपेपर रद्दीत. ओळख पटली नाही की जनाजा अडतो, मृत्यूचा दाखला मिळत नाही, बेवा बाईची इद्दत कधीपासून धरायची हा प्रश्न पडतो, वारसाही लटकतो. बेपत्ता माणसाबाबत तर कायदा सात वर्षे थांबायला लावतो.

चावल्याच्या खुणांचा पुरावा मात्र जपून घ्यावा. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कार प्रकरणात तो वापरला गेला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. पण अमेरिकेत २०१६ साली राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी या पद्धतीला पक्का शास्त्रीय आधार नाही असे सांगितले. त्वचा ताणते, सुजते. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू शिकवल्या पाहिजेत, नाहीतर एखादा बेकसूर अडकायचा.

वयाचेही तसेच. अक्कलदाढेवरून वय सांगतात, पण तो अंदाज, दोन-चार वर्षे इकडेतिकडे. म्हणून २०१५ चा बाल न्याय कायदा आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतो, मग महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. शाळेत नाव घालताना ‘जून महिन्यातली कुठलीही तारीख टाका’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि पुढच्या वेळी रूट कॅनाल किंवा कवळी केली, की डॉक्टरांकडून एक्स-रे मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. गल्फला किंवा हज-उमराहला निघालेल्यांनी तर जाण्याआधीच.