अस्वलाचं खातं, जवळ्याचं खातं

आमच्याकडे घाटाखालच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीचं पोतं उघडलं, की आधी वास येतो, दुकान मागाहून दिसतं. बोंबलाशेजारी जवळ्याचा ढीग असतो. कुणी त्यालाच सुकट म्हणतं. कोळंबीच्या गोतातला, जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा हा समुद्रजीव शेकडो किलोमीटर प्रवास करून वऱ्हाडी भाकरीवर येतो.

खामगावाहून बुलडाण्याला निघालं, की बोथ्याचं जंगल लागतं. १९९७ साली जाहीर झालेलं ज्ञानगंगा अभयारण्य ते हेच. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. २०१९ साली टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघानं त्याचं नाव देशभर केलं. पण इथला जुना खातेदार अस्वल.

माझी उमेदीची वर्षं बँकेच्या कर्जविभागात गेली. त्यामुळे प्राण्यांकडेही मी खातेवहीच्या नजरेनं पाहतो. (घरात यावरून थट्टा होते.) जवळ्याचं आयुष्य फार तर वर्षभराचं. मादी अंडी पाण्यात सोडते आणि मोकळी होते. ना घरटं, ना राखण. बहुतेक पिल्लं माशांच्या पोटात जातात; उरतात तेवढ्यांवर पुढचे थवे उभे राहतात. नुकसान मोठं, पण वसुलीही झटपट. अर्थात हे खातंही अथांग नाही, म्हणून तर पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवावी लागते.

अस्वलाचा कारभार अगदी उलटा. मादीला एका वेळी एक किंवा दोन पिल्लं, क्वचित तीन. ती गुहेत जन्मतात आणि बाहेर पडली की आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून फिरतात. दीड-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त, ती तिच्याजवळच राहतात. तोवर दुसरी वीण नाही. दहा वर्षांत तीन-चार विणी झाल्या तरी पुष्कळ! अशी एक मादी दगावली, तर पाठीवरची पिल्लंही गेली आणि पुढची शिल्लकही गेली.

गंमत म्हणजे ही दोन खाती एका ठिकाणी जुळतात. अस्वलाला वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी जोरात ओढून घेतं. आणि कीटक हे कवचधारी जीवांच्याच कुळातून निघाले, असं आता जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं आहे. म्हणजे वाळवी ही जवळ्याची दूरची भावकीच. दोघांच्या कवचात कायटिन हा एकच पदार्थ. आम्ही जवळा परततो, अस्वल वाळवी ओढतं. जेवणाची जात एकच.

भांडण होतं ते मोहावरून. मार्च-एप्रिलच्या पहाटे फुलं टपटपतात. माणसं ती वेचायला जातात, अस्वलही तिथंच येतं. त्याची नजर अधू, नाक तल्लख. पण खाण्यात दंग असलं, की माणूस अगदी जवळ येईतो त्याला पत्ता लागत नाही. मग दचकून ते अंगावर येतं. पिल्लं असली, तर मादी पळण्याऐवजी उभीच राहते. ती खाण्यासाठी हल्ला करत नाही; पण ज्याचा चेहरा फाटतो, त्याच्या घरी हा खुलासा कुणी कोणत्या तोंडानं सांगावा? म्हणून जाणती माणसं पुरतं उजाडल्यावर, चार-पाच जण मिळून, मोठ्यानं बोलत जातात. आवाज ऐकला, की अस्वल बहुधा आपणहून बाजूला होतं, पाठीवरच्या पिल्लांसकट.