बीपीबरोबर नाडीही बघा
आमच्या महिला मंडळाच्या तपासणी शिबिरात मला हमखास ऐकायला मिळतं, "बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली!" अहो मैत्रिणींनो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच! वाढलेल्या रक्तदाबाने वर्षानुवर्षं हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, ठोके अनियमित पडू लागतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कित्येकदा ते जाणवतही नाही. पण कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे ५ पट. बीपी जास्त असेल तर आणखी भर. म्हणून मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघा. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढून घ्या. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या आपण आठवणीने देतो, मग स्वतःचीच का विसरतो?